पल्याडची गाडी

आमच्या घरात घड्याळ फार उशिरा आलं. तोवर आमचं सगळं गाडीच्या भोंग्यावर चालायचं. गाडीत आमच्यापैकी कोणी कधी बसलेलं नव्हतं, तिचा फक्त आवाज घरात यायचा. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या अगदी शेपटाला, भीमेच्या अलीकडच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका सुरू, आणि तिथून दोन कोसांवर केडगावचं स्टेशन. पहाटे वारा पडलेला असला की पलीकडून भोंगा असा स्वच्छ ऐकू यायचा, की परड्यातली शेळी कान टवकारायची. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची. दुसऱ्याला आप्पा तोंड धुऊन चहाला बसायचे. दुपारी एक मालगाडी जायची, तिचा खडखडाट संपता संपायचा नाही, आणि तो संपेपर्यंत पारावरची म्हातारी माणसं बोलणं थांबवून नुसती बसून राहायची. संध्याकाळची गाडी वाजली की आई तव्यावर पहिली भाकरी टाकायची. मी अंथरुणात अर्धवट जागी असताना त्या आवाजाच्या मागोमाग मनानं फिरून यायचे. तो आवाज दूर कुठंतरी उगवायचा, मोठा व्हायचा, आमच्या छपरावरून गेल्यासारखा वाटायचा आणि विरून जायचा. तो जिथं विरायचा तिथं पुणं असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

आप्पा गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळताना तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या. हंगामात आप्पांच्या अंगाला, कपड्यांना, अगदी चपलेच्या पट्ट्यालासुद्धा गुळाचा वास असायचा, आणि आम्हा भावंडांना भाकरीबरोबर काकवी मिळायची. हंगाम सरला, गुऱ्हाळ बंद झालं, की एक जुनी काहील आप्पा नदीवर न्यायचे. काहील म्हणजे रस उकळायची ती अवाढव्य लोखंडी कढई. आमच्याकडं तिचीच नाव करतात. या काठापासून त्या काठापर्यंत तार बांधलेली, तिला धरून हातानं ओढत पलीकडं जायचं. काहील गोल. तिला पुढं नाही, मागं नाही. मध्यावर गेली की ती आपली सावकाश गिरक्या घ्यायला लागते, आणि बसणाऱ्याला कधी आपलं गाव समोर दिसतं, कधी पाठीमागं. लहानपणी मला तीत बसलं की गुंगी यायची आणि कुठला काठ आपला हेही सांगता यायचं नाही. आज पन्नाशी ओलांडली तरी माझं दिशांचं ज्ञान कच्चंच आहे. माझ्या मुलाला वाटतं मी थट्टा करते, पण मला खरंच वाटतं की हे त्या काहिलीमुळं झालं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. आमच्या घरात दोन फोटो होते. वस्तीतल्या प्रत्येक घरात तेच दोन असायचे, त्यामुळं कोणाचे ते सांगत बसत नाही. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. संध्याकाळी आई त्यांच्यापुढं पणती लावायची, मग विजेच्या दिव्याचं बटण दाबायची. पणती आधी आणि बटण नंतर, हा क्रम तिनं कधी मोडला नाही. वीज तर आमच्याकडं लहरीवर असायची. पण पणतीच्या आधी बटण दाबलं तर आई आमच्या हातावर चापट मारायची.

मी बारावी झाले. चांगली झाले. पुण्याच्या एका संस्थेत रक्त, लघवी तपासायचं शिक्षण मिळतं, ते झालं की दवाखान्यात नोकरी लागते, असं आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि माझा अर्जही त्यांनीच भरला. यादीत माझं नाव आलं. नाव आल्याचा आनंद आमच्या घरात एक संध्याकाळ टिकला. दुसऱ्या दिवशी जायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. वसतिगृहाचं नाव काढायची सोय नव्हती, तेवढी आमची ऐपतच नव्हती. पुण्यात मावशी होती, पण तिच्या एका खोलीत रात्री पाय पसरायचे तर आधी कोणाचा तरी पाय उचलून ठेवावा लागे. राहिली एसटी. आमच्या गावाला मुक्कामाची एक गाडी यायची. ती सकाळी उठून, आळोखेपिळोखे देत, वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर थांबत शिरूरला जायची. तिथून पुण्याची दुसरी गाडी धरायची. पुण्याला पोचेपर्यंत कॉलेज निम्मं झालेलं असणार, आणि दोन्ही गाड्यांचा मिळून पास काढायचा तर आप्पांनी बाराही महिने गुऱ्हाळ पेटतं ठेवायला हवं होतं.

आणि त्याच वेळी तात्या आले. तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. रांजणगावला तेव्हा कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, आणि तात्या तिथल्या एका कंपनीची कामगारांची गाडी चालवायचे. खाकी कपडे, खिशाला पेन, आणि बोलण्यात शिफ्ट, सुपरवायझर, ओव्हरटाइम. माणूस मनानं वाईट नव्हता. उलट आमच्यासाठी त्यांचा जीव तुटायचा, पण जीव तुटला की ते लगेच दुसऱ्याचं आयुष्य ठरवायला बसायचे.

"पोरीचं नाव मी देऊन आलोय," ते खाटेवर बसत म्हणाले. "प्याकिंगला. बसून काम हाय, सावलीत. आन् जाया-यायाची काळजीच न्हाई, माझी गाडी फाट्यावर येती. फुकाट. पुण्याला जाऊन रगात तपासायचं आन् काय त्ये, त्यापरीस ह्ये बरं."

आप्पा काही बोलले नाहीत. ते असे गप्प बसले की निम्मं मान्य केलंय असं समजायचं. मी दाराआड उभी होते. फाट्यावर येणारी ती फुकट गाडी मला डोळ्यांपुढं दिसायला लागली. रोज सकाळी दार उघडून ती मला आत घेणार आणि संध्याकाळी परत आणून सोडणार, आणि असं करत करत मी म्हातारी होणार.

तेवढ्यात पलीकडं संध्याकाळची गाडी वाजली. आईनं परातीतला हात तसाच ठेवून कान दिला. पिठाचा हात वर धरून ती म्हणाली, "ही गाडी पुण्याला जाती न्हव का?"

आज हे कोणाला सांगितलं तर हसतात. जन्मभर जी गाडी ऐकून आम्ही उठलो, जेवलो, झोपलो, त्या गाडीत आपल्यालाही बसता येतं आणि कुठंतरी जाता येतं, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आमची कचेरी शिरूरला, बाजार शिरूरला, दवाखाना शिरूरला. गावाची तोंडंच तिकडं. नदीच्या पलीकडचं जे काही असेल ते पल्याडच्यांचं.

"वैनी, ती पल्याडची गाडी हाय," तात्या हसत म्हणाले.

"पल्याड म्हंजी काय लंका हाय व्हय?" आई म्हणाली. "काहिलीत बसलं की पल्याडच."

त्या रात्री आमच्याकडं हुलग्याचं माडगं होतं. ते फुंकून पिता पिता सगळा बेत ठरला. पलीकडून पहाटे केडगावला दुधाची जीप जाते, तिच्यात बसायचं. पहाटेचा पहिला भोंगा पुण्याला जाणाऱ्या गाडीचा, आणि त्याच्या मागून थोड्या वेळानं वाजतो तो दौंडकडं जाणारीचा. याबद्दल आप्पांना तिळमात्र शंका नव्हती. "जल्म गेला ऐकण्यात," ते म्हणाले. "पहिलीचा आवाज पाटसकडनं उठतो आन् यवतकडं जातो. डोळं झाकून सांगतो." आम्हालाही तसंच ऐकू यायचं, त्यामुळं वाद घालायचं कारणच नव्हतं. रेल्वेचा महिन्याचा पास फार स्वस्त असतो असं शाळेतल्या बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, तेही मी सांगून टाकलं. तात्या मान हलवत राहिले.

शेवटी आप्पांनी वाडगं खाली ठेवलं. "परवा तिचं नाव घालायचा शेवटचा दिस हाय. त्याच दिशी बघू. एकटीनं जायाचं आन् एकटीनं यायाचं. दिवेलागणीच्या आत उंबऱ्याच्या आत आली, तर रोज जाईल. न्हाई आली, तर तात्याची गाडी."

"दिवेलागणीच्या आत," तात्यांनी घट्ट करून घेतलं. "मी सोता बघायला येतो."

आईनं माडग्याचं भांडं खरवडलं आणि उरलेलं माझ्या वाडग्यात घातलं.

त्या पहाटेचं मला सगळं काही आठवतं आणि काहीच नीट आठवत नाही, स्वप्नासारखं. पावसानं आमच्या भागाकडं नेहमीप्रमाणं पाठ फिरवली होती. आभाळात ढग होते, पण ते नुसते वरून पुढं जाणारे. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी काळंभोर आणि निश्चल होतं. आप्पा तार ओढत होते, तारेवरचे दवाचे थेंब त्यांच्या मनगटावरून ओघळत होते आणि काहील आपल्या सवयीनं फिरत होती. माझ्या पिशवीत कागदपत्रं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेला गुळाचा मोठा खडा. "नव्या ठिकाणी रिकाम्या हातानं जाऊ नये," ती म्हणाली होती. कोणाला द्यायचा ते काही तिनं सांगितलं नव्हतं. पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. दुधाच्या किटल्यांमध्ये बसवून देताना आप्पा एवढंच म्हणाले, "हितंच थांबतो सांच्याला."

स्टेशन पाहिलं आणि मी वेडावूनच गेले. एवढे लांबच लांब फलाट आणि एवढी मोकळी जागा, आणि मध्ये ते रूळ सकाळच्या उजेडात ओल्यासारखे चमकणारे. खिडकीवर पुण्याचं तिकीट काढलं, आणि हातात घेते न घेते तोच भोंगा वाजला. तोच, आमचा पहिला भोंगा! इतक्या जवळून तो ऐकताना मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी धावत सुटले. गाडी आली त्या फलाटावर चार-दोन माणसं होती. समोरच्या फलाटावर मात्र ही गर्दी, डबेवाले, पाट्यावाल्या, कॉलेजची मुलं. मला त्यांची कीवच आली. एवढी माणसं सकाळी सकाळी दौंडला कशाला निघाली असतील, असं माझ्या मनात आलं. कोणाला विचारायचं मला सुचलंच नाही. आपल्या घरातल्या घड्याळाला किती वाजले हे कोणी परक्याला विचारतं का?

बायकांचा डबा रिकामाच होता. खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तशी मी कपाळ गजाला टेकवलं. ऊस मागं पळत होता, विहिरींवरचे पत्रे, शेतातली एकटी लिंबं, कोणाच्या तरी अंगणातून निघणारा धूर. आणि समोरून सूर्य वर येत होता. केशरी ऊन थेट माझ्या तोंडावर येत होतं, इतकं ऊबदार की मी डोळे मिटले. सकाळी पुण्याला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ऊन पडतं, तोंडावर नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र त्या उन्हात तरंगत होते. इतकी वर्षं जो आवाज बाहेरून ऐकला त्याच्या आत आपण बसलो आहोत, या विचारानंच मला धुंदी आली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा प्रवास कोणता असं मला कोणी विचारलं तर मी तोच सांगेन, उलट्या दिशेनं केलेला.

गाडी थांबली. सगळे उतरले. भलं मोठं स्टेशन, इंजिनं इकडून तिकडं फिरतायत, हमालांचा गलका. फलाटावर एक ठेंगणी बाई हातातली लोकर विणत उभी होती. पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रूस. मी तिला विचारलं, "पुणं हेच का?"

तिच्या सुया थांबल्या. "पुणं? बेटा, हे दौंड आहे."

मग मात्र मी रडले. उभी होते तिथंच, पिशवी छातीशी धरून. नाव घालायचा शेवटचा दिवस, दिवेलागणीची अट, फाट्यावरची ती फुकट गाडी, सगळं हुंदक्यांतून बाहेर आलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणारी रोझीबाई. पुण्याच्या एका दवाखान्यात आया होती आणि रोज जा-ये करायची. तिनं माझा दंड धरला. "रडायचं ते गाडीत बसून रड. उभ्यानं रडलं तर गाडी निघून जाते. पुण्याची शटल ती बघ, समोर लागलीय."

खिडकीवर धावत जाऊन माझं दौंडपासूनचं तिकीट तिनंच काढून आणलं. शटल दौंडवरूनच सुटते, त्यामुळं बसायला जागा होती. मला तिनं खिडकीशी बसवलं, आणि माझ्या शेजारच्या दोन जागांवर एक रुमाल अन् एक ओढणी पसरली. बाकीच्या बायकाही तेच करत होत्या. पुढच्या स्टेशनांवर चढणाऱ्या मैत्रिणींसाठी दौंडच्या बायका जागा धरतात, असा त्या डब्याचा कायदा होता. आणि नवीन बाईनं पहिल्या दिवशी आपल्या गावचं काहीतरी डब्यात वाटायचं, हा दुसरा कायदा. "काय आणलंयस?" रोझीबाईनं विचारलं. मी फडकं सोडलं. गुळाचा खडा हातोहात फिरला. एक बाई पालेभाजी निवडत होती, तिनं देठ ओढणीत टाकले आणि गूळ तोंडात टाकून डोळे मिटले.

"कोणी केलाय गं?"

"माझ्या आप्पांनी," मी म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच माझा आवाज नीट फुटला.

केडगाव परत आलं. फलाटावरची ती गर्दी, जिची मला कीव आली होती, ती आता लोंढ्यानं आत घुसली. त्यातली एक जण धापा टाकत माझ्याकडं बघून म्हणाली, "ही तर मघाशी दौंडच्या गाडीत चढली ना? आम्ही म्हटलं, एवढी पळतीय, दौंडला काय सोनं वाटतायत की काय!" सगळा डबा हसला. मी पण हसले. करता काय?

आमचं काय चुकलं होतं ते मला फार नंतर कळलं. आमच्या वस्तीच्या पाठीशी उंच दरड आहे. पलीकडून आलेला आवाज तिच्यावर आपटून माघारी फिरायचा आणि उलटा ऐकू यायचा. आम्ही जन्मभर दरडीचं ऐकत आलो होतो. घरातल्या दोन्ही गाड्या आम्ही उलट्या लावल्या होत्या. पहिली पुण्याहून येऊन दौंडला जाणारी, आणि दुसरी, आप्पांच्या चहाची, ती माझी पुण्याची. म्हणजे मला रोज अंधारात उठायचीही गरज नव्हती.

वाटेत रोझीबाईनं पासाचं सगळं समजावून सांगितलं. कॉलेजचा दाखला आणायचा, फोटो आणायचा, विद्यार्थ्याला सवलत मिळते. किती पडेल ते तिनं सांगितलं तेव्हा मी पुन्हा विचारलं, कारण माझा विश्वास बसेना. आईच्या एका शेळीच्या दुधावर तो निघाला असता. एवढ्या स्वस्तात माणूस रोज पुण्याला जाऊन येऊ शकतं आणि ते आमच्यापासून दोन कोसांवर होतं! आमच्या गावातल्या माझ्या आधीच्या किती मुली नुसता तो भोंगा ऐकत राहिल्या असतील, असं वाटून मला एकदम वाईट वाटलं. आजही वाटतं.

कॉलेजात उशिरा पोचले, पण खिडकी उघडी होती. नाव घातलं. दाखला मिळाला, तो छातीशी धरून मी स्टेशनवर आले. रोझीबाई सांगितलेल्या जागी विणत उभी होती. सगळं वेळेवर चाललं होतं. आणि उरुळीच्या पुढं, कुठल्याशा माळावर, गाडी थांबली.

मागून एक मेल येणार होती, तिला पुढं सोडायचं होतं. एवढंच. गाडीतल्या कोणालाच त्याचं काही नव्हतं. कोणी भाजी निवडत होतं, कोणी पेंगत होतं. माळावर मेंढ्या घरी निघाल्या होत्या, त्यांच्या धुळीत सूर्य लाल झाला होता. मी त्याच्यावरून नजर हलवत नव्हते. जणू नजर हलली तर तो पडेल. "सूर्य काय तुझ्या आप्पांच्या हुकमात आहे?" रोझीबाई म्हणाली, पण तिनंही विणकाम बाजूला ठेवलं होतं. मेल धडधडत गेली. आमची गाडी तरीही हलेना. सूर्य माळाला टेकला, अर्धा झाला, आणि गेला. गाडी हलली तेव्हा दूरच्या वस्त्यांवर एकेक दिवा लागत होता आणि प्रत्येक दिवा माझ्या काळजात रुतत होता. केडगावला उतरताना रोझीबाई म्हणाली, "उद्या जागा धरून ठेवते." मी मागं न बघता नदीच्या वाटेला पळत सुटले.

नदीवर पोचले तेव्हा पुरता अंधार पडला होता. आप्पांच्या विडीचं टोक तेवढं दिसत होतं. मी काहिलीत बसले. तारेचा करकर आवाज सुरू झाला.

"झालं नाव घालून?"

"झालं."

"उशीर झाला."

"गाडी माळावर थांबली हुती, आप्पा." मग मला राहवेना. "आन् आप्पा, पहिली गाडी पुण्याला जात न्हाई. दौंडला जाती. पुण्याची ती दुसरी. आपल्याला उलटं ऐकू येतंय."

त्यांचा हात तारेवर थांबला. काहील गिरकी घेऊ लागली. गावातले दिवे समोर आले, मागं गेले, पुन्हा समोर आले. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा ओढायला सुरुवात केली. गप्प बसले की निम्मं मान्य, हे मला ठाऊक होतं, पण कशाचं मान्य, ते कळत नव्हतं.

चढ चढून वस्तीत आलो. सगळ्या घरांतून उजेड सांडला होता, कुठं रेडिओ लागला होता. फक्त आमच्या घरात अंधार होता. पणती नाही, विजेचा दिवा नाही, चूल नाही. कोणाला काही झालं की काय? मी पळतच निघाले. दारात आई उभी होती.

"आधी आत ये," ती म्हणाली.

मी उंबरा ओलांडला. तिनं अंधारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला. "आली?"

"आले."

"मग लावती आता दिवा."

आतून खाटेवरून तात्यांचा आवाज आला, "वैनी, किती येळ झाला मला अंधारात बशिवलंय तुम्ही! च्या न्हाई, पानी न्हाई. फोटूफुडं सुदीक पणती न्हाई! असं कुठं असतंय व्हय?"

"शिकणाऱ्या पोरीपायी बाबा घडीभर अंधारात बसत्यात," आई म्हणाली. "तुमाला काय झालं बसायला?"

आप्पा अजून उंबऱ्याबाहेरच होते. "समद्या गावात दिवं लागल्यात," ते हळू म्हणाले.

"गावाची दिवेलागण गावापाशी," आई म्हणाली. "ह्या घरची मी करती. रोज मीच करती न्हव? सांजची गाडी आज येळेवर वाजलीच न्हाई, मी कान लावून बसले हुते. गाडीलाच उशीर तर पोरगी येळेवर कुठनं येणार? आन् पोरगी आल्याबिगर दिवेलागण कशी व्हईल? आता आली ती. आता व्हईल."

मग आप्पांनी चपला काढल्या आणि ते आत आले. "लाव," ते म्हणाले.

काडी ओढली गेली. पणती पेटली, दोन्ही चेहरे दिसू लागले, मिटल्या डोळ्यांचा आणि चष्म्याचा. आईनं हात जोडले, मग भिंतीपाशी जाऊन बटण दाबलं. तात्या डोळे चोळत उठून बसले. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. "तात्या, तुझ्या गाडीत पोरीची जागा ठेवू नगंस."

तात्या काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात नदीपलीकडं भोंगा वाजला. लांबलेला, जड, सावकाश सरकणारा. सवयीनं आम्ही सगळ्यांनी कान दिला. विषय बदलायला बरं म्हणून तात्यांनी विचारलं, "आप्पा, ही कंची गाडी? पुण्याची का दौंडची?"

आप्पा खाली बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी तोंडाला लावला, सावकाश प्याले, आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवत म्हणाले, "तिला इचार. तिला ठावं."